कॉलर माइकवर ॲकॉस्टिक गिटार: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

गिटारवर हात बऱ्यापैकी बसला की आपले वाजवणे रेकॉर्ड करून ऐकावे, दूरच्या नातेवाइकांना पाठवावे किंवा एखाद्या छोट्या कार्यक्रमात साथ करावी असे प्रत्येकाला वाटू लागते, आणि तेव्हाच लक्षात येते की मोबाईलच्या स्वतःच्या माइकमध्ये गिटारचा आवाज पातळ आणि लांबून आल्यासारखा उमटतो. पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडून वायरवाटे बाहेर देणारा भाग, बसवलेली गिटार प्रत्येकाकडे नसते. असली तरी स्वस्त पिकअपमधून लाकडाचा आवाज येण्याऐवजी तारेचा कोरडा, प्लॅस्टिकसारखा आवाज येतो. अशा वेळी कपड्याला लावायचा साधा कॉलर माइक किंवा वाद्याला अडकवायचा छोटा क्लिप-माइक हा कमी खर्चाचा आणि खरोखर उपयोगी पर्याय आहे.

मी नाशिकमध्ये भावगीतांच्या कार्यक्रमांना गिटारची साथ करतो आणि घरी काही विद्यार्थ्यांना शिकवतो. त्यांच्यापैकी बहुतेकांनी असा माइक घेतलेला असतो, आणि बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते की माइक खराब निघाला. प्रत्यक्षात माइक क्वचितच खराब असतो. त्याला वीज मिळत नसते, त्याची पिन चुकीच्या जागी लावलेली असते किंवा तो थेट साउंडहोलसमोर बसवलेला असतो. आवाज कसा येईल हे ठरवण्यात माइकची जागा आणि त्याची जोडणी यांचा वाटा किमतीपेक्षा मोठा आहे, म्हणून या लेखात सर्वाधिक जागा त्या दोन गोष्टींना दिली आहे.

लागणारे साहित्य

- कॉलर माइक किंवा लवचिक दांडीचा क्लिप-माइक, सोबतच्या फोमच्या टोपीसह
- तुमचा मोबाईल, लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) किंवा मिक्सर यांपैकी जे वापरणार त्याला जुळणारा ॲडॅप्टर
- कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन (ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे वाजवताना ऐकण्यासाठी तो निरुपयोगी ठरतो)
- मऊ सुती कापडाचे किंवा फेल्टचे दोन-तीन छोटे तुकडे
- औषधांच्या दुकानात मिळणारी मायक्रोपोर पट्टी
- माइकला स्वतःचा सेल लागत असल्यास एक जादा सेल; या माइकमध्ये बहुधा एलआर ४४ हा बटणासारखा सेल असतो
- खरेदीचे पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड

### १. आधी वापर ठरवा

माइक घेण्यापूर्वी तो कुठे वापरायचा आहे हे स्पष्ट करून घ्या. घरी बसून मोबाईलवर रेकॉर्ड करणे, ऑनलाइन शिकवणी घेणे किंवा देणे आणि लाउडस्पीकर लावलेल्या सभागृहात वाजवणे ही तीन अगदी वेगळी कामे आहेत. पहिल्या दोन कामांना हजार रुपयांच्या आसपासचा कॉलर माइक पुरतो. तिसऱ्या कामाला तो बहुतेक वेळा पुरत नाही, आणि त्याचे कारण पुढच्याच पायरीत आहे. या दोन गरजांची गल्लत झाल्यामुळे घरी उत्तम चालणारा माइक ऐन कार्यक्रमात शिट्ट्या मारतो आणि वादकाचा त्याच्यावरचा विश्वास कायमचा उडतो.

### २. माइकची निवड

स्वस्त कॉलर माइकमध्ये इलेक्ट्रेट प्रकारची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, असते. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी फॉइल इलेक्ट्रेट माइक तयार केला. त्यातील पदार्थात विद्युतभार कायमचा साठवलेला असल्यामुळे नेहमीच्या कंडेन्सर माइकला लागणारा मोठा व्होल्टेज त्याला लागत नाही. आतल्या छोट्या ट्रान्झिस्टरपुरती थोडी वीज मिळाली की तो चालतो. म्हणूनच तो इतका लहान आणि इतका स्वस्त बनवता येतो, आणि ‘स्वस्त म्हणजे टाकाऊ’ हा नियम त्याला सरसकट लावू नये.

खरा फरक माइक कोणत्या दिशांनी ऐकतो यात आहे. बोया कंपनीच्या बीवाय-एम१ सारखे बहुतेक कॉलर माइक सर्व दिशांनी सारखेच ऐकतात. घरी हा गुण ठरतो, कारण अशा माइकला वाद्याच्या अगदी जवळ नेले तरी खर्जाचा आवाज कृत्रिमरीत्या फुगत नाही आणि गिटार थोडी हलली तरी आवाज फारसा बदलत नाही. मंचावर मात्र हाच गुण अडचणीचा होतो. शेजारचा तबला, गायकाचा आवाज आणि लाउडस्पीकर हे सारे त्यात शिरते.

एका दिशेने ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड प्रकारचा क्लिप-माइक मागच्या बाजूचा आवाज बराच कमी घेतो. ऑडिओ-टेक्निकाचा प्रो ७० हा या प्रकारचा परिचित माइक असून तो कपड्यालाही लावता येतो आणि वाद्यालाही. व्यावसायिक मंडळी वापरतात तो डीपीएचा ४०९९ याच कामासाठी बनवलेला असला तरी त्याची किंमत नवशिक्याच्या आवाक्याबाहेरची आहे. कार्डिऑइड माइक वाद्याच्या जितका जवळ जाईल तितका खर्ज वाढतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

माझे मत विचाराल तर पहिला माइक सर्व दिशांनी ऐकणारा आणि वायरचा घ्यावा. त्यावर जागा शोधण्याचा सराव झाला की मग मंचासाठी दुसरा घ्यायचा की नाही हे तुम्हाला स्वतःलाच कळेल. बिनवायरचे स्वस्त संच आकर्षक दिसतात, पण त्यांपैकी अनेकांमध्ये माणसाचे बोलणे स्पष्ट करण्यासाठी गोंगाट कापण्याची सोय असते आणि ती गिटारच्या सुराची लांबत जाणारी शेपटी गोंगाट समजून कापून टाकते. ती सोय पूर्ण बंद करता येत असेल तरच असा संच घ्या.

नाशिकमध्ये एम. जी. रोडवरील मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानांत कॉलर माइक सहज मिळतात. दुकानातच तुमच्या फोनला लावून एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका आणि पक्के बिल मागा. ऑनलाइन मागवणार असाल तर खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे आतला ॲडॅप्टर किंवा सेल कमी निघाल्यास परत करताना वाद होत नाही.

### ३. पिन आणि वीज

बहुतेकांचा वेळ आणि पैसा इथेच वाया जातो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

माइकची ३.५ मि.मी.ची पिन हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या किंवा पांढऱ्या रेषा मोजा. तीन रेषा असतील तर पिनेचे चार भाग होतात आणि ती मोबाईलसाठी आहे. दोन रेषा असतील तर तीन भाग होतात आणि ती कॅमेरा किंवा रेकॉर्डरसाठी आहे. दोन्ही पिना एकमेकींच्या भोकात व्यवस्थित बसतात, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. तीन भागांची पिन मोबाईलला लावली की मोबाईल तिला साधा हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माइकने रेकॉर्ड करत राहतो. बीवाय-एम१ वर मोबाईल आणि कॅमेरा असे दोन बाजूंचे छोटे बटण आहे. ते ज्या उपकरणाला माइक लावला आहे त्याच बाजूला असले पाहिजे.

नेमका कोणता माइक चालू आहे हे तपासण्याची खात्रीची रीत अशी: रेकॉर्डिंग सुरू करा, कॉलर माइकच्या जाळीवर नखाने हलकेच टिचकी मारा, मग मोबाईलच्या खालच्या कडेला, जिथे बारीक भोक असते, तिथे मारा. ऐकताना पहिली टिचकी ठळक आणि दुसरी अस्पष्ट यायला हवी. उलटे झाले तर तुमचा क्लिप-माइक जोडलेलाच नाही. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला गिटार पेटीतून काढण्यापूर्वी मी ही टिचकी मारायला लावतो.

ज्या फोनला ३.५ मि.मी.चे भोक नाही त्यासाठी टाइप-सी ॲडॅप्टर लागतो. बाजारातील काही स्वस्त ॲडॅप्टर फक्त ऐकण्यासाठी असतात आणि माइकचा आवाज आत नेतच नाहीत. काही विशिष्ट फोनवर चालतात आणि इतरांवर नाही. ‘माइक चालतो का’ असा प्रश्न विचारून थांबू नका, आपल्याच फोनवर लावून पाहा.

आता मिक्सर आणि ऑडिओ इंटरफेसबद्दल. कॉलर माइकच्या खोक्यात बहुधा ६.३५ मि.मी.चे, म्हणजे दुकानात ज्याला पी-३८ म्हणतात तसे, एक जोडणीचे टोक दिलेले असते. ते पाहून माइक थेट मिक्सरच्या पी-३८ भोकात लावण्याचा मोह होतो. त्या भोकातून माइकला वीज मिळत नाही, त्यामुळे ज्या माइकला स्वतःचा सेल नाही तो तिथे मुकाच राहतो. शिवाय काही माइकच्या पिनेवर टोक आणि मधले कडे या दोन्हींवर एकच आवाज असतो. मिक्सरचे बॅलन्स्ड भोक त्या दोहोंची वजाबाकी करते आणि उत्तर जवळजवळ शून्य येते. माइक शाबूत, वायर शाबूत, आणि तरी आवाज नाही, असे झाले तर हे कारण आठवा.

मिक्सरची कॅनन पिन, म्हणजे तीन काड्यांची एक्सएलआर, वापरताना याहून मोठा धोका आहे. मिक्सरवरील फँटम पॉवर, म्हणजे वायरमधूनच माइकला पुरवली जाणारी वीज, ४८ व्होल्टची असते आणि कॉलर माइकला साधारण ३ ते ५ व्होल्ट पुरतात. नुसत्या तारा जोडून बनवलेला साधा ॲडॅप्टर लावून फँटम सुरू केली तर कॅप्सूल कायमची निकामी होऊ शकते. यासाठी ४८ व्होल्ट घेऊन माइकला लागेल तेवढाच व्होल्टेज पुढे देणारा ॲडॅप्टर मिळतो. रोडे कंपनीचा व्हीएक्सएलआर प्लस हा त्यातला एक. त्याच कंपनीचा नुसता ‘व्हीएक्सएलआर’ नावाचा ॲडॅप्टर वेगळ्या कामाचा आहे आणि तो माइकला वीज देत नाही, तेव्हा खरेदी करताना नाव नीट वाचा. माइक लावताना आणि काढताना फँटम बंद असावी आणि फेडर (मिक्सरवरील आवाजाची सरकती कळ) खाली असावा.

### ४. क्लिप वाद्याला बसवणे

कॉलर माइकचा चिमटा कापडासाठी असतो. तो साउंडहोलच्या कडेला लावण्याची पद्धत रूढ आहे, पण मी ती टाळायला सांगेन. चिमट्याचे दात लाकडाची कड कुरतडतात आणि माइक नेमका सर्वांत वाईट जागी जाऊन बसतो.

वाद्यासाठीचा क्लॅम्प मिळाला तर उत्तम. तो गिटारची पुढची आणि मागची बाजू एकत्र पकडतो, म्हणून घेताना तो किती उघडतो हे पाहा. ड्रेडनॉट, म्हणजे नेहमीच्या मोठ्या पोटाच्या, आकाराच्या गिटारची जाडी साधारण १० ते १२ सें.मी. असते. क्लॅम्प नेहमी अगदी कडेला, जिथे खालून बाजूच्या फळीचा आधार आहे तिथेच बसवा. पुढची फळी जेमतेम ३ मि.मी.च्या आसपास जाड असते. मध्यावर दाब पडला तर तिचा कंप दबतो आणि तडा जाण्याची भीती राहते. रबराच्या पट्टीखाली फेल्टचा तुकडा अवश्य ठेवा. जुन्या किंवा महागड्या गिटारवर नायट्रोसेल्युलोजचा लाखेसारखा थर असतो आणि रबर किंवा व्हिनाइल लागून राहिल्यास तो मऊ पडतो, त्याच्यावर डाग उमटतो. अशा गिटारवर चिकटपट्टीही लावू नये.

क्लॅम्प नसेल तर छोट्या लवचिक तारेला माइक बांधून ती तार गिटारच्या कडेवर मायक्रोपोर पट्टीने बसवता येते. ही पट्टी कातडीवरून निघण्यासाठीच बनलेली असल्याने नेहमीच्या पॉलियुरेथेन थरावरून सहज सुटते, पण रेकॉर्डिंग संपल्यावर ती लगेच काढावी.

बसून वाजवणाऱ्या उजव्या हाताच्या वादकाचा उजवा बाहू गिटारच्या मोठ्या भागावर टेकतो आणि कंबर मांडीवर असते, म्हणून माइक नेकजवळच्या लहान भागाच्या कडेला लावणे सोयीचे. वरची कड, म्हणजे हनुवटीखालची, पूर्ण मोकळी असते. मात्र तुम्ही गात असाल किंवा वाजवताना श्वास जोरात घेण्याची सवय असेल तर तो आवाज थेट माइकमध्ये पडतो. तेव्हा खालची, पातळ तारांकडची कड निवडा.

### ५. माइकची नेमकी जागा शोधणे

गिटारचा आवाज एकाच ठिकाणाहून निघत नाही. साउंडहोलमधून आतल्या हवेचा हुंकार बाहेर येतो. ड्रेडनॉट गिटारमध्ये ही हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक कंप पावते, आणि पाचवी तार ११० हर्ट्झची असल्यामुळे साउंडहोलसमोरच्या माइकमध्ये त्या पट्टीतले सूर घुमतात तर बाकीचे मागे राहतात. ब्रिजच्या आसपास आवाज कोरडा आणि नाकातला वाटतो. नेकवर डाव्या हाताच्या जवळ गेलात तर जाड तारांवर बोटे घसरल्याची करकर पुढे येते.

सुरुवात करण्यासाठी जागा अशी: जिथे नेक गिटारच्या पोटाला मिळते, म्हणजे बहुतेक गिटारांत चौदाव्या फ्रेटच्या आसपास, तिथे माइक फळीपासून सुमारे ८ ते १२ सें.मी. वर ठेवा आणि त्याचे तोंड साउंडहोलपासून किंचित दूर वळवा. सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माइकमध्ये तोंड वळवल्याने फारसा फरक पडत नाही, तिथे अंतरानेच काम करावे लागते.

यानंतर कानाने शोध घ्या. तीच चार मापांची धून प्रत्येक जागी वाजवा आणि वाजवण्यापूर्वी जागेचे नाव मोठ्याने बोला, ‘चौदावा फ्रेट, चार बोटे वर’, ‘बारावा फ्रेट’, ‘ब्रिजच्या खाली’, अशा प्रकारे. नंतर ऐकताना कोणता तुकडा कुठला हे शोधत बसावे लागत नाही. तुलना करण्यापूर्वी सर्व तुकड्यांचा आवाज सारखा करून घ्या, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि त्यामुळे वादक साउंडहोलसमोरची जागा निवडून बसतात. जाड तारेवरचा सूर आणि पातळ तारेवरचा सूर सारख्याच ताकदीचे ऐकू येतात का, हे एकच पाहा. घुमत असेल तर माइक नेककडे सरकवा, करकर जास्त असेल तर दोन बोटे मागे आणा, आवाज अरुंद वाटत असेल तर दांडी वाकवून थोडा वर उचला. एकेका वेळी एकच बदल करा. जागा सापडली की क्लॅम्पच्या कडेला पेन्सिलने बारीक खूण करावी किंवा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

बोटांनी वाजवणाऱ्यासाठी आणि पिकने जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यासाठी जागा वेगळी येते. स्ट्रमिंगला अंतर थोडे वाढवावे लागते. कॉलर माइकला मिळणारा व्होल्टेज कमी असल्याने जवळचा मोठा आवाज कॅप्सूलमध्येच फाटतो, आणि तो एकदा तिथे फाटला की पुढे गेन (आवाज आत घेण्याची पातळी) कितीही कमी केला तरी दुरुस्त होत नाही.

### ६. वायर बांधून घेणे

माइकपासून एक वीतभर अंतरावर वायरची सैल वेटोळी ठेवून ती गिटारच्या पट्ट्याच्या खुंटीला बांधा. वायरवर पाय पडला तरी झटका त्या वेटोळीत विरतो, माइकपर्यंत पोहोचत नाही. वायर फळीला किंवा शर्टाच्या बटणाला घासली तर रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते, आणि ती वायर तुटल्यासारखीच वाटते.

### ७. खोली आणि वीज

घरातील रेकॉर्डिंगमध्ये स्वस्त माइकचा मूळचा ‘स्स्स’ आवाज ऐकू येतोच. तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे माइक वाद्याजवळ ठेवणे आणि खोली शांत करणे. गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडसारख्या रहदारीच्या रस्त्यालगतच्या सदनिकेत रस्त्याकडची खोली टाळून आतली खोली निवडा. फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत आवाज टणटणीत येतो. गादी, गोधड्या आणि कपड्यांचे उघडे कपाट यांनी तो बराच निवळतो. पंखा बंद केलाच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये हे कठीण जाते, म्हणून त्या दिवसांत सकाळी लवकर रेकॉर्ड करणे चांगले.

एकसारखा ‘घूं’ असा आवाज येत असेल तर तो घरच्या ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. बहुतेक वेळा तो तिथेच थांबतो.

### ८. आवाजाची पातळी आणि ॲप

रेकॉर्डिंगपूर्वी त्या गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवून गेन असा ठेवा की मीटरचे टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. व्हिडिओसाठी अँड्रॉइड फोनवर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप वापरता येते, कारण त्यात आवाज कोणत्या माइकमधून घ्यायचा हे निवडता येते. फोनच्या मूळच्या कॅमेऱ्यात ही सोय नेहमी नसते.

ऑनलाइन शिकवणीत मात्र माइक कितीही चांगला लावला तरी ॲपच आवाज बिघडवते. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय आहे, ती सुरू करा. गूगल मीटमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद करा. या सोयी सुरू राहिल्या तर विद्यार्थ्याने छेडलेली तार शिक्षकाला अर्धवटच ऐकू येते, आणि शिक्षक चुकीची गोष्ट सुधारत बसतो.

रेकॉर्डिंगनंतरची दुरुस्ती थोडकीच ठेवा. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे, म्हणून त्याखालचा, सुमारे ७० ते ७५ हर्ट्झखालचा भाग लो-कटने काढला तर गिटारचे काही जात नाही आणि रस्त्याचा व पायांचा गडगडाट जातो. घुमणे उरले असेल तर १०० ते २०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल कमी करून पाहा. याहून जास्त करावे लागत असेल तर माइकची जागा पुन्हा शोधा.

### ९. मंचावर वापरताना

महाकवी कालिदास कलामंदिर किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृह यांसारख्या सभागृहांत वाजवायचे असेल तर मिक्सर तुमच्या हातात नसतो. साऊंड सांभाळणाऱ्या दादांना आधीच भेटून तीन गोष्टी सांगा: माइक इलेक्ट्रेट कंडेन्सर प्रकारचा आहे, त्याला फँटम लागते की तो सेलवर चालतो, आणि तो एका दिशेने ऐकतो की सर्व दिशांनी. एवढे सांगितल्याने त्यांचे काम निम्मे सोपे होते, आणि ही मंडळी अशा वादकाकडे आवर्जून लक्ष देतात.

माइकने लाउडस्पीकरचा आवाज ऐकला, तो पुन्हा लाउडस्पीकरमधून आला, आणि हे चक्र वाढत गेले की शिट्टी येते. तुमची जागा मुख्य लाउडस्पीकरच्या मागे असावी. कार्डिऑइड माइक असेल तर मॉनिटर (वादकाला ऐकण्यासाठी मंचावर ठेवलेला लाउडस्पीकर) त्याच्या पाठीकडे यावा. मंचावरील उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीपूर्वी मिळणारी मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते, म्हणून जो माइक वापरात नाही तो बंद ठेवायला सांगा. साऊंड तपासताना गेन हळूहळू वाढवून पहिली शिट्टी कोणत्या सुरात येते ते शोधावे, मिक्सरवर तेवढाच सूर थोडा कमी करावा आणि गेन किंचित खाली आणावा.

गायक, तबला, हार्मोनियम आणि गिटार अशी मांडणी असेल तर सर्व दिशांनी ऐकणारा कॉलर माइक वापरू नये. तबलजी हातभर अंतरावर बसलेले असतात आणि गिटारचा फेडर वर गेला की तबलाच वर येतो. ज्यांच्याकडे पिकअपची गिटार आहे त्यांनी पिकअप आणि क्लिप-माइक दोन्ही वापरावे: आवाजाचा भक्कम भाग पिकअपमधून आणि लाकडाचा मोकळेपणा माइकमधून थोडासा घ्यावा. दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पोकळ झाला तर मिक्सरवरील फेजचे बटण एकदा दाबून पाहावे आणि ज्या स्थितीत खर्ज भरलेला वाटतो ती ठेवावी.

छोट्या घरगुती मैफिलीत, जिथे श्रोते हाकेच्या अंतरावर असतात, तिथे आवाज फारसा वाढवायचाच नसतो आणि साधा कॉलर माइकही निभावून नेतो. गोदाघाटासारख्या उघड्या जागेवर मात्र वाऱ्याची फडफड येते. तिथे फोमची टोपी काढू नये.

### १०. माइकची निगा

पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत कॅप्सूलमध्ये ओल शिरली तर चटचट आवाज येऊ लागतात. जून ते सप्टेंबर माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. त्या पुड्या गिटारच्या पेटीत टाकू नका. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि फार कोरडे झाल्यास ते आक्रसते. वायर गुंडाळताना हाताभोवती करकचून पीळ देऊ नका, मोठी सैल वेटोळी करा. फोमची टोपी घामाने आणि धुळीने भरली की साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. महिनाभर माइक वापरणार नसाल तर आतला सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवा, कारण गळलेला सेल आतली पत्री खाऊन टाकतो आणि ती दुरुस्ती माइकच्या किमतीत परवडत नाही.